हेपटायटिस सी : तपासणी आणि उपचारांबद्दल कोकणातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिबिरात, ओपीडीच्या बाकावर आणि फोनवर पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. विचारणारे बहुतेक बंदरावरचे, चिरेखाणीतले, आंब्याच्या बागेतले, डायलिसिसच्या खाटेवरचे, नाहीतर त्यांच्या घरचे. या आजाराच्या गोळ्या आज सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात आणि पूर्ण कोर्स घेणाऱ्या १०० पैकी ९५ हून जास्त माणसं बरी होतात. तरीही माणसं हातची जातात. गोळी लागू पडली नाही म्हणून क्वचितच. पहिली तपासणी झाल्यावर दुसरीला आलीच नाहीत म्हणून बहुतेक वेळा. म्हणून प्रश्न ५ सगळ्यांनी वाचावा, बाकीचे आपापल्या गरजेप्रमाणे.

१. हेपटायटिस सी म्हणजे कावीळच ना?

तशी समजूत आहे, पण पावसाळ्यात आपल्याकडे डोळे पिवळे होतात ते बहुधा दूषित पाण्यातून येणाऱ्या हेपटायटिस ए किंवा ई मुळे, नाहीतर भातलावणीच्या चिखलातून होणाऱ्या लेप्टोमुळे. हेपटायटिस सी चा विषाणू वेगळा. तो रक्तातून रक्तात जातो, पाण्यातून नाही, आणि बहुतेकांना शिरताना कळतही नाही. डोळे पिवळे नाहीत, ताप नाही, फार तर थकवा. १०० जणांना लागण झाली तर साधारण ३० जणांचं शरीर ६ महिन्यांत त्याला आपणहून हाकलून देतं. उरलेल्या ७० जणांच्या लिव्हरमध्ये तो मुक्काम ठोकतो. पुढच्या २० वर्षांत त्यातल्या १५ ते ३० टक्क्यांचं लिव्हर आकसून कडक होतं, म्हणजे सिरोसिस होतो. काहींना लिव्हरचा कॅन्सर होतो.

हा विषाणू सापडला १९८९ मध्ये. त्याच्या शोधासाठी हार्वी आल्टर, मायकेल हॉटन आणि चार्ल्स राइस यांना २०२० चं नोबेल मिळालं. सापडल्यापासून २५ वर्षांच्या आत त्याच्यावर पूर्ण बरं करणारी गोळी निघाली. जुन्या विषाणूजन्य आजारांच्या बाबतीत असं सहसा घडलेलं नाही.

२. आमच्या गावात काविळीची माळ घालतात, पाला देतात, डागही देतात. त्याने उतरली. मग आता कशाला तपासायचं?

ए आणि ई ची कावीळ काही आठवड्यांत आपोआप उतरते. माळ घातली तरी उतरते, नाही घातली तरी उतरते. श्रेय माळेला जातं. सी मध्ये पिवळेपणा आला तरी तो जातो आणि विषाणू मागे राहतो. ‘उतरली’ म्हणून माणूस कामाला लागतो आणि १५-२० वर्षांनी पोटात पाणी घेऊन येतो. आमच्या मते आपल्या भागात या आजाराबद्दलची सर्वांत घातक समजूत हीच आहे.

माळेला आमचा विरोध नाही. घालायची तर घाला, पण रक्त तपासून घ्या. अनोळखी पाल्याचा रस पिऊ नका, आधीच दुखावलेल्या लिव्हरवर त्याचा भार पडतो. डाग देणं, चिरा पाडून रक्त काढणं हे तर नकोच. तेच पातं दुसऱ्यालाही लागत असेल तर सी पसरायची ती एक वाट आहे.

३. एका ताटात जेवल्याने, एका तांब्याने पाणी प्यायल्याने होतो का?

नाही. एकत्र जेवण, मिठी, हात मिळवणं, खोकला, डास, एकच संडास, तळं किंवा विहीर यांतून होत नाही. रक्त लागलेली वस्तू तेवढी वेगळी ठेवा : ब्लेड, वस्तरा, नेलकटर, टूथब्रश.

होतो तो असा : एकाची सुई-सिरिंज दुसऱ्याला वापरल्याने, नीट न उकळलेल्या अवजारांनी दात काढल्याने, जत्रेत एकाच सुईने दहा जणांना गोंदल्याने, न तपासलेलं रक्त चढवल्याने, डायलिसिसमध्ये स्वच्छतेत कसूर झाल्याने, आणि काही वेळा आईकडून बाळाला (प्रश्न १६). नवरा-बायकोच्या संबंधांतून धोका फार कमी असतो. एचआयव्ही असेल तर, आणि पुरुषांचा पुरुषांशी संबंध असेल तर तो वाढतो. तिथे कंडोम वापराच.

४. मला काही त्रास नाही. तपासणी कोणी करायची?

त्रास नसतानाच करायची असते. खालीलपैकी एक जरी तुम्हाला लागू असेल तरी एकदा करा :

कधीही, अगदी एकदाच का होईना, नशेसाठी सुई घेतली असेल. डायलिसिसवर असाल. थॅलेसेमिया, हिमोफिलिया किंवा सिकलसेलमुळे वारंवार रक्त किंवा रक्तघटक चढत असतील. २००१ च्या आधी रक्त चढलं असेल; रक्तपेढ्यांत सी ची तपासणी सक्तीची झाली ती त्या सुमारास. एचआयव्ही असेल. तुरुंगात राहून आला असाल. जत्रेत किंवा रस्त्यावर गोंदवून घेतलं असेल. आईला हेपटायटिस सी असेल. दवाखान्यात काम करताना सुई टोचली असेल. एसजीपीटी (लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारा घटक) वाढलेलं असेल आणि कारण सापडत नसेल.

आणखी एक गट आहे, तो कोणत्याही यादीत ठळक दिसत नाही. वर्षानुवर्षं ‘अशक्तपणा’साठी सुई आणि सलाईन घेणारी माणसं. ‘डॉक्टरांनी सुई दिली नाही तर बरंच वाटत नाही’ म्हणणारे आजी-आजोबा प्रत्येक वाडीत आहेत. जुन्या काळी एकच काचेची सिरिंज कोमट पाण्यात बुचकळून पुढच्याला देत. आजही एकाच बाटलीतून अनेकांना औषध काढताना वापरलेली सुई पुन्हा आत गेली तर तोच धोका. घरात अशी सवय असेल तर त्यांना एकदा तपासा, आणि पुढच्या वेळी सिरिंजचं पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा. यात डॉक्टरांचा अपमान नाही.

नशेची सुई चालू असेल, डायलिसिस चालू असेल किंवा एचआयव्हीसोबत धोका चालू असेल तर एकदाची तपासणी पुरत नाही. ती ठरावीक काळाने पुन्हा करावी लागते.

५. रॅपिड टेस्ट पॉझिटिव्ह आली. आता मी मरणार का?

नाही. आणि तुम्हाला आजार आहे हेसुद्धा अजून ठरलेलं नाही.

बोटातून किंवा शिरेतून रक्त घेऊन २० मिनिटांत जी पट्टी दाखवतात, ती अँटिबॉडी शोधते, म्हणजे विषाणूशी लढताना शरीराने रक्तात तयार केलेली प्रथिनं. विषाणू कधीतरी शरीरात येऊन गेला, एवढंच ती सांगते. आज तो आहे की नाही, ते तिला सांगता येत नाही. ज्या ३० टक्के लोकांच्या शरीराने त्याला हाकलून दिलं आणि जे औषधाने बरे झाले, त्यांचीही पट्टी पॉझिटिव्हच येते, बहुधा आयुष्यभर. म्हणून दुसरी तपासणी लागते : एचसीव्ही आरएनए, म्हणजेच व्हायरल लोड. त्यात प्रत्यक्ष विषाणू मोजतात. सापडला तर उपचार. नाही सापडला तर औषधाची गरज नाही.

दुसऱ्या तपासणीचं रक्त त्याच दिवशी, त्याच बैठकीत देऊन टाका. ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हणाले तर सांगा, ‘दादा, मी फणसवाडीहून दोन एसट्या बदलून आलोय, आजच घ्या.’ हे मागायला लाजू नका. पुढच्या आठवड्यात बोट समुद्रात असते, भात कापणीला आलेलं असतं, शिवाय रोजंदारी बुडते. दुसरी फेरी हुकते आणि माणूस पुढची दहा वर्षं ‘मला काहीतरी निघालं होतं’ एवढंच सांगत राहतो. दिलेलं रक्त प्रयोगशाळेत पाठवता येतं, त्यासाठी तुम्ही तिथे जायची गरज नसते. टीबी तपासायला वापरतात त्या ट्रूनॅट आणि जीनएक्सपर्ट यंत्रांवरही ही तपासणी होते, म्हणून आपल्या रुग्णालयात ती सोय आहे का ते विचारा.

उलट बाजूही लक्षात ठेवा. लागण झाल्यावर पट्टी पॉझिटिव्ह यायला साधारण ८ ते ११ आठवडे लागतात. महिन्याभरापूर्वी सुई वाटून घेतली असेल आणि पट्टी निगेटिव्ह आली तर तो खात्रीचा निकाल नव्हे. आरएनए मात्र १-२ आठवड्यांतच दिसतो. एचआयव्ही खूप वाढलेला असेल किंवा डायलिसिस चालू असेल तर अँटिबॉडी तयारच न होण्याची शक्यता असते. तिथे डॉक्टर थेट आरएनए करायला सांगतात.

६. हे सगळं कुठे होतं आणि किती पैसे लागतात?

राष्ट्रीय विषाणूजन्य हेपटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ ला सुरू झाला. त्यात तपासणी, व्हायरल लोड आणि गोळ्या मोफत आहेत. रत्नागिरी आणि अलिबागचं सिव्हिल, ओरोसचं जिल्हा रुग्णालय इथे आधी चौकशी करा. गुंतागुंतीच्या रुग्णांना वैद्यकीय महाविद्यालयाच्या मोठ्या केंद्रात पाठवतात. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात पट्टी आहे का, हे आशाताईंना विचारलं तर एक फेरी वाचते.

केशरी-पिवळ्या रेशनकार्डाची अट नाही. ‘योजनेत बसत नाही’ असं कुणी सांगितलं तर रुग्णालयातल्या हेपटायटिसच्या नोडल अधिकाऱ्यांना (या कार्यक्रमाची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्यांना) भेटायचं आहे, असं सांगा.

७. उपचार म्हणजे काय? ती पोटावरची इंजेक्शनं?

ती इंटरफेरॉनची इंजेक्शनं जुनी झाली. वर्षभर टोचायची, ताप यायचा, केस गळायचे, आणि तरी निम्मेच बरे व्हायचे. त्या आठवणीने अजून काही जण घाबरून येत नाहीत, म्हणून स्पष्ट सांगतो : आता फक्त गोळ्या आहेत.

लिव्हर कडक झालेलं नसेल तर सोफोसबुविर ४०० मिलिग्रॅम आणि डॅक्लाटासविर ६० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, १२ आठवडे. म्हणजे ८४ दिवस. सिरोसिस असला पण लिव्हर अजून काम सांभाळत असेल तर सोफोसबुविर-वेल्पाटासविर, तेही १२ आठवडे. पोटात पाणी, रक्ताची उलटी, भ्रम अशी लक्षणं असतील तर सोबत रिबाविरिन देतात आणि हे मोठ्या केंद्रातच करतात.

लिव्हर किती कडक आहे हे ठरवायला दरवेळी महागडं मशीन लागत नाही. एसजीओटी, एसजीपीटी, प्लेटलेट आणि वय यांवरून गणित मांडता येतं, सोबत सोनोग्राफी. गोळ्यांचा त्रास बहुतेकांना होतच नाही. काहींना डोकेदुखी किंवा थकवा येतो. गोळ्या संपल्यावर १२ आठवड्यांनी पुन्हा व्हायरल लोड करतात. तेव्हा विषाणू सापडला नाही म्हणजे तुम्ही बरे झालात. ही शेवटची तपासणी चुकवू नका.

८. मी ट्रॉलरवर खलाशी आहे. रोज एकाच वेळी गोळी कशी जमणार?

जमते. गोळी जेवणाशी बांधलेली नाही, फ्रिज लागत नाही, दिवसातून एकदाच घ्यायची आहे. ३० अंशांच्या वर तापणार नाही अशा जागी, मूळ डबीतच, आतली बारीक पुडी न काढता ठेवा. इंजिनखोलीत नको, बर्फाच्या पेटीतही नको. डबी प्लास्टिकच्या घट्ट बरणीत घालून तांडेलाच्या केबिनमध्ये ठेवली की खारं पाणी लागत नाही. वेळ पाळण्यासाठी रोज घडणाऱ्या गोष्टीला जोडा, जसं रात्रीचं जेवण.

एका डबीत २८ गोळ्या असतात. फेरी लांबणार असेल तर आधीच पुढची डबी मागून घ्या. ‘मी मासेमारीला जातो’ हे पहिल्याच दिवशी सांगितलं तर औषध देणाऱ्यांना तशी सोय करता येते.

स्थानिक खलाशांसाठी मासेमारीबंदीचा काळ सोन्यासारखा आहे. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस तुम्ही जमिनीवर असता. १ जूनला सुरुवात केली तर बोट उतरेपर्यंत ६१ गोळ्या झालेल्या असतात आणि समुद्रात नेण्यासाठी फक्त २३ उरतात. म्हणून मे महिन्यातच तपासणी उरका. पण ऑक्टोबरात निदान झालं असेल तर जूनची वाट पाहत बसू नका, लगेच सुरू करा. परगावहून येणाऱ्या खलाशांचं गणित नेमकं उलटं आहे. त्यासाठी पुढचा प्रश्न.

९. आमच्या बागेत नेपाळचे राखणदार आहेत, चिरेखाणीत कर्नाटकातली माणसं आहेत. त्यांच्याकडे इथला पत्ता नाही. त्यांना औषध मिळेल का?

मिळायला हवं, आणि मालकाने सोबत गेलं तर बहुधा मिळतं. जे ओळखपत्र आहे ते न्या. पत्ता दुसऱ्या जिल्ह्याचा किंवा राज्याचा असला तरी तपासणी नाकारायचं कारण नाही. नेपाळच्या नागरिकाबाबत नोंदणी कशी करायची हे नोडल अधिकाऱ्यांशी आधी बोलून ठरवा. खिडकीवर हुज्जत घालत बसण्यापेक्षा ते बरं.

खरी अडचण आहे ती वेळापत्रकाची. राखणदार पाऊस संपल्यावर येतो आणि आंबा उतरला की जातो. त्याची तपासणी मार्चमध्ये केली तर औषध अर्ध्यावर असताना तो गाडीत बसलेला असतो. तीच ऑक्टोबरात करा. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात गोळ्या सुरू झाल्या तर जानेवारीअखेर संपतात, आणि बरं झाल्याची तपासणी एप्रिलच्या शेवटी, तो इथे असतानाच होते. बागायतदारांनो, फवारणीच्या कॅलेंडरशेजारी ही तारीखही लिहा.

रायगडमधली कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर आणि कोळशाच्या भट्टीवर जातात. तिथेही हाच हिशेब : निघण्याआधी कोर्स पुरा होत असेल तर इथेच, नाहीतर जाणार त्या जिल्ह्याच्या केंद्राच्या नावाने बदलीचा कागद घेऊन. त्या कागदावर औषधाचं नाव, सुरू केल्याची तारीख आणि किती गोळ्या झाल्या एवढं हवंच. मुकादमाच्या फोनवर फोटो काढून ठेवा, कागद भिजतो.

१०. वडील आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातात. सी निघाला. आता त्यांना सेंटर काढून टाकेल का?

काढून टाकायला नको. डायलिसिस थांबलं तर माणूस काही दिवसांत जातो, सी तर वर्षानुवर्षं थांबतो. त्यामुळे पहिली गोष्ट : डायलिसिस एकही वेळ चुकवू नका.

अनेक सेंटरमध्ये सी च्या रुग्णांना वेगळं मशीन किंवा वेगळी पाळी देतात. त्यात घरच्यांनी वाईट वाटून घेऊ नये. खरा बचाव होतो तो हातमोजे प्रत्येक रुग्णागणिक बदलल्याने, खुर्ची आणि मशीनचा पृष्ठभाग दर पाळीनंतर पुसल्याने आणि हेपारिनची (रक्त गोठू नये म्हणून देतात त्या औषधाची) बाटली एकाची दुसऱ्याला न वापरल्याने. खुर्चीजवळ बसलेले नातेवाईक हे डोळ्यांनी पाहू शकतात, आणि पाहावं.

किडनी निकामी असताना ही औषधं देता येत नाहीत, असं काही वर्षांपूर्वीपर्यंत सांगत. आता सोफोसबुविर असलेले कोर्स डायलिसिसच्या रुग्णांनाही देतात. जुन्या सल्ल्यावर थांबला असाल तर पुन्हा जा. किडनी बदलायचा विचार असेल तर सी चा उपचार आधी करायचा की नंतर, हे किडनीच्या आणि लिव्हरच्या डॉक्टरांनी एकत्र ठरवायचं असतं.

ज्यांचा रिपोर्ट निगेटिव्ह आहे त्यांची तपासणी सेंटरमध्ये दाखल होताना आणि पुढे दर ६ महिन्यांनी झाली पाहिजे. सेंटर बदलताना, म्हणजे मुंबईहून गणपतीला गावी येऊन इथे दोन-तीन डायलिसिस घेतानाही, ताजा रिपोर्ट सोबत ठेवा.

११. मुलीला थॅलेसेमिया आहे. रक्त तर तपासूनच देतात ना?

हो, तपासून देतात. पण नुकती लागण झालेल्या रक्तदात्याच्या रक्तात अँटिबॉडी तयार झालेली नसते (प्रश्न ५), त्यामुळे थोडा धोका उरतो, आणि दर महिन्याला रक्त घेणाऱ्या मुलीच्या वाट्याला तो वारंवार येतो. म्हणून तिची तपासणी ठरावीक काळाने करत राहा. सी निघाला तरी ३ वर्षांपुढच्या मुलांसाठीही आता गोळ्यांचे उपचार आहेत. अंगात लोह साठल्याने लिव्हरला आधीच इजा होत असते, त्यामुळे अशा मुलांमध्ये थांबून पाहण्यात अर्थ नाही.

१२. भाऊ गर्दची सुई घेतो. आधी नशा सोडायला लावतात का?

नशा सोडल्याशिवाय औषध नाही, असा नियम नाही. नशा चालू असणारेही गोळ्या नीट घेतात आणि बरे होतात. शिवाय तो बरा झाला की त्याच्यापासून इतरांना होणारी लागण थांबते. ‘आधी सुधार, मग ये’ म्हणणारा माणूस भेटला तर दुसऱ्या दारी जा.

त्याच्यासोबत ओपिऑइड बदली उपचार सुरू झाला तर उत्तम. त्यात ब्युप्रेनॉर्फिनची गोळी रोज देखरेखीखाली देतात, सुईची गरज कमी होते, आणि रोज केंद्रात यायचंच असल्याने सी ची गोळीही तिथेच घेता येते. १०९७ या मोफत क्रमांकावर जवळच्या केंद्राची चौकशी होते. त्याला एवढं नक्की सांगा : फक्त सुई नव्हे, चमचा, कापूस आणि पाणीसुद्धा वाटून घ्यायचं नाही. आणि घरातून हाकलू नका. हाकललेला माणूस दुसऱ्या तपासणीला येत नाही.

१३. नवरा कच्चा कैदी आहे. आत उपचार होतो का?

कारागृहातले बंदी या कार्यक्रमाच्या बाहेर नाहीत. कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या. जामीन कधीही होतो, म्हणून त्याला सांगून ठेवा की सुटताना उरलेल्या गोळ्या आणि उपचारकार्ड मागायचंच. बाहेर आल्यावर सिव्हिलमध्ये पुढची डबी मिळते.

१४. मला एचआयव्ही आहे, एआरटी (एचआयव्हीच्या रोजच्या गोळ्या) चालू आहे. दोन्ही गोळ्या एकत्र चालतात?

बहुतेकांना चालतात. आता एआरटीत डोल्युटेग्राविर असलेली गोळी देतात, तिच्याशी सोफोसबुविर-डॅक्लाटासविर जुळतं. तुमच्या गोळीत एफाविरेन्झ असेल तर डॅक्लाटासविरचा डोस वाढवावा लागतो आणि वेल्पाटासविर सहसा देत नाहीत. म्हणून दोन्हीकडच्या डॉक्टरांना दोन्ही डब्या दाखवा. एआरटी स्वतःच्या मनाने थांबवायची नाही. एचआयव्हीसोबत सी असेल तर लिव्हर लवकर खराब होतं, तेव्हा तुमचा उपचार पुढे ढकलू नये.

१५. टीबी, फिट, ॲसिडिटी, हृदय : आधीपासून चालू असलेल्या कोणत्या गोळ्यांची अडचण होते?

टीबीच्या रिफाम्पिसिनसोबत सी च्या गोळ्या काम करत नाहीत. बहुतेक वेळा टीबीचा कोर्स आधी पुरा करतात. फिटच्या कार्बामाझेपिन आणि फेनिटॉइनचीही तीच गत. हृदयाच्या ठोक्यांसाठीचं अमियोडारोन सोफोसबुविरसोबत घेतलं तर ठोके धोकादायकरीत्या मंदावू शकतात. ॲसिडिटीची पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल वेल्पाटासविरला नीट शोषू देत नाहीत. आपल्याकडे प्रत्येक प्रिस्क्रिप्शनवर ही गोळी असते, म्हणून मुद्दाम सांगतो.

आणि सी च्या गोळ्या सुरू करण्याआधी हेपटायटिस बी तपासलेलाच हवा. दोन्ही असतील तर सी दबल्यावर बी उसळू शकतो. बी निगेटिव्ह असेल तर ०, १ आणि ६ महिन्यांनी त्याची लस घ्या. सी ची लस अजून नाही.

१६. मी ५ महिन्यांची गरोदर आहे आणि सी निघाला. बाळाचं काय?

१०० पैकी साधारण ५-६ बाळांना लागण होते, सोबत एचआयव्ही असेल तर अधिक. उलट बाजूने पाहिलं तर ९४-९५ बाळं सुखरूप असतात. सिझेरियन केल्याने धोका कमी होत नाही, त्यामुळे केवळ सी साठी ते करू नये. अंगावर पाजा, स्तनाग्राला चीर पडून रक्त येत असेल तेवढे दिवस त्या बाजूचं थांबवा.

आपल्या कार्यक्रमात गरोदरपणी गोळ्या देत नाहीत. बाळंतपणानंतर, अंगावर पाजणं थांबल्यावर तुमचा कोर्स सुरू होतो. बाळंतपणाला माहेरी जाऊन परत सासरी आल्यावर हे राहूनच जातं, म्हणून माहेर आणि सासर दोन्हीकडच्या आशाताईंना माहीत असू द्या. बाळाची अँटिबॉडी १८ महिन्यांनंतर तपासतात. त्याआधी आईच्याच अँटिबॉडी त्याच्या रक्तात दिसतात. रिबाविरिन मात्र गर्भाला घातक आहे. नवरा किंवा बायको कोणीही ते घेत असेल तर उपचार चालू असेपर्यंत आणि नंतर ६ महिने दिवस राहू देऊ नका.

१७. गोळये चालू आसताना थोडी घेतली तर चलात मां?

नाही चलात. दारूमुळे गोळी निकामी होत नाही, पण विषाणू आणि दारू मिळून लिव्हर फार लवकर सुकवतात. तरी एवढं ऐका : दारू सुटत नाही म्हणून गोळ्या बंद करू नका आणि दवाखान्यात यायचंही टाळू नका. पिऊन आलात तरी गोळी द्यायलाच हवी. सोडण्यासाठी मदत हवी असेल तर ती वेगळी मिळते.

१८. दोन दिवस गोळी चुकली. कोर्स पहिल्यापासून करायचा का?

नाही. आठवेल तेव्हा, त्याच दिवशी घ्या. अख्खा दिवस गेला असेल तर दुसऱ्या दिवशी एकच घ्या, दोन एकदम नकोत. चुकलेल्या शेवटी जोडून ८४ पूर्ण करा. आठवडा किंवा त्याहून जास्त खंड पडला तर मनाने सुरू न करता केंद्रात जा.

१९. गावात कळलं तर? मी हॉटेलात भांडी घासते, सून मासे विकते.

सांगायचं की नाही हे तुम्ही ठरवायचं. रिपोर्ट तुमचा आहे, तो तुमच्याच हातात द्यायचा असतो. गावातल्या केंद्रात जायला संकोच वाटत असेल तर गोळ्या जिल्ह्याच्या ठिकाणाहून घ्या, बाजाराच्या दिवशी जोडून. स्वयंपाक, भांडी, मासेविक्री, बालवाडीतलं काम यांतून हा आजार पसरत नाही (प्रश्न ३), त्यामुळे कामावरून काढायला कुणाकडेही वैद्यकीय कारण नाही. हात कापला तर पट्टी बांधा, एवढंच. घरच्यांना मात्र सांगितलेलं बरं, म्हणजे त्यांचीही तपासणी होते.

२०. मी आरोग्य केंद्रात सफाईचं काम करते. कचऱ्यातली सुई टोचली.

दाबून रक्त काढू नका. वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवा आणि लगेच, त्याच तासात, वैद्यकीय अधिकाऱ्यांना सांगा. एचआयव्हीची प्रतिबंधक गोळी जितकी लवकर तितकी चांगली, ७२ तासांच्या आत. बी ची लस झाली आहे का ते पाहतात. सी साठी प्रतिबंधक गोळी नाही, पण एका टोचण्यातून तो होण्याची शक्यता २ टक्क्यांहूनही कमी असते. आरएनए ३ ते ६ आठवड्यांनी आणि अँटिबॉडी ४ ते ६ महिन्यांनी तपासा. निघालाच तर लवकर सापडलेला असतो आणि बरा होतो.

नोंद रजिस्टरमध्ये लिहून घ्या. कंत्राटी असलात तरी हा तुमचा हक्क आहे.

२१. बरा झालो, आता पुन्हा होऊ शकतो?

हो. देवी-गोवरासारखी कायमची प्रतिकारशक्ती सी मध्ये येत नाही. पुन्हा लागण झाली तर पुन्हा उपचार मिळतो, त्यासाठी कुणी ओरडायचं कारण नाही. अशा वेळी अँटिबॉडीची पट्टी निरुपयोगी असते. थेट आरएनए करा.

बरे झालात पण आधीच सिरोसिस झालेला असेल तर विषाणू गेल्यावरही कॅन्सरचा धोका उरतो. अशांनी दर ६ महिन्यांनी लिव्हरची सोनोग्राफी करत राहायची. ‘निगेटिव्ह’ लिहिलेला कागद मिळाल्यावर हे सांगायचं राहून जातं, म्हणून तुम्ही स्वतः विचारा.

२२. बरा होऊन वर्ष झालं. दुबईच्या नोकरीच्या मेडिकलमध्ये पुन्हा पॉझिटिव्ह दाखवतायत.

खेड, चिपळूण, राजापूरकडून हा प्रश्न सारखा येतो. आखाती देशांसाठीच्या मेडिकलमध्ये सी ची अँटिबॉडी पाहतात आणि ती बरी झाल्यावरही पॉझिटिव्ह राहते (प्रश्न ५). तुमचा आजार परतलेला नाही. पण त्यांचा नियम अँटिबॉडीवर चालत असेल तर नुसत्या तुमच्या सांगण्याने निकाल बदलत नाही.

करायचं ते मेडिकलच्या आधी. ताजा आरएनए करून ‘विषाणू आढळला नाही’ असा रिपोर्ट, उपचार पूर्ण केल्याचं केंद्राचं पत्र आणि लिव्हरचे साधे रिपोर्ट सोबत न्या. रक्त देण्याआधी तिथल्या डॉक्टरांना ते दाखवा, नंतर नको. काही ठिकाणी ऐकतात, काही ठिकाणी नाही. म्हणून एजंटाला पैसे देण्याआधी त्या देशाचा आणि त्या कंपनीचा नियम लेखी मागा. ‘रिपोर्ट मॅनेज करतो’ म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. तिकडे पोचल्यावर पुन्हा रक्त तपासतात आणि मग परतीचं तिकीट तुमच्याच खिशातून जातं.